किल्लारीनंतर मातीचं घर बांधावं का?

तेरणाकाठ

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जी ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, त्यांत आमचं नव्हतं. भिंती फुटल्या, माळवदं (मातीची सपाट छपरं) खचली, पण गाव जागेवरच राहिलं. आमचा वाडा तेव्हा अर्धा उतरवला आणि उरलेल्यावर पत्रे टाकले. ते पत्रे अजून आहेत. एप्रिलमधल्या दुपारी त्याखाली बसवत नाही, आणि पाऊस आला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही.

आता तिथं घर बांधायचंय. आई-बाबा कायम राहणार, आम्ही पुण्याहून येऊन-जाऊन. भेटेल तो एकच सल्ला देतो: कॉलम उभे कर, स्लॅब टाक, मोकळा हो. माझ्या मनात वेगळं आहे. पाया वाड्याच्याच दगडाचा. भिंती दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या (यंत्रात दाबतात, भट्टीत भाजत नाहीत). आतून मातीचा आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. वर लोखंडी कैच्या आणि मंगलोरी कौलं.

घरात विषय काढला की आई म्हणते, "मातीनं माणसं खाल्ली. परत तीच आणतोस व्हय घरात?" तिनं ते दिवस बघितलेत, त्यामुळे तिच्यापुढे पुस्तकी बोलणं मला जमत नाही. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली माणसं झोपली आणि ३० च्या पहाटे ३.५६ ला धक्का बसला. तीव्रता ६.२ च्या आसपास. आठ ते दहा हजार माणसं गेली. ६.२ हा आकडा काही महाभयंकर नव्हे, मग एवढं मरण आलं कुठून?

मला जे कळलंय ते असं. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला एक, आणि मध्ये चिपा, मुरूम, माती असं भरण. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. म्हणजे बघणाऱ्याला ती एक भिंत दिसायची, प्रत्यक्षात दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या असायच्या. त्यावर माळवद: तुळया, किलचा, पाला आणि वर फूट-दोन फूट माती. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी खारी माती टाकायची. आधीची कुणी काढत नसे. आज्याने टाकलेली, बापाने टाकलेली, सगळी डोक्यावर. जमीन हलली तेव्हा भिंतीचे थर फुगून सुटले आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. कित्येक घरांत भिंती आडव्या झाल्या, पण खणांचा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, उभाच राहिला होता.

तेव्हा मला वाटतं, गुन्हा बांधणीचा आणि नाव मातीचं झालं. पण मी काही इंजिनियर नाही. माझं कुठे चुकत असेल तर सांगा. आणि मातीकाम येणारा गवंडी आमच्या भागात मिळेल का, गावठाणातली पांढरी माती चालेल का, चुना कसा करायचा, यावरही लिहा. शेतात एकटं उभं राहणारं फार्महाउस मला नकोय. गल्लीतलं, शेजारच्या भिंतीला भिंत लागलेलं घर आहे. ते तसंच राहावं.

---

सारवण_प्रेमी

वा! काय विषय काढलात. आजोळचं घर आठवलं. शेणाने सारवलेली जमीन, तिचा तो गारवा, भिंतीवर पोतेरा... सिमेंटच्या घरात जीव गुदमरतो हो. नक्की बांधा, आणि जमीनही सारवणाचीच करा!

---

निवृत्त_ओव्हरसियर

तेरणाकाठ, निदान बरोबर आहे. भूकंपानंतर दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामावर मी त्याच पट्ट्यात होतो, म्हणून थोडी भर घालतो.

आरपार दगड नव्हते हे पहिलं. दुसरं, दगड गोलसर, न घडवलेले. एकावर एक बसत नाहीत, मातीच्या आधाराने टेकून राहतात. तिसरं म्हणजे कोपरे. दोन भिंती जिथे मिळतात तिथे दगड एकमेकांत गुंतवायला हवेत, तिथे बहुतेक ठिकाणी नुसता सांधा. हलल्यावर प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने गेली.

उभ्या राहिलेल्या घरांसाठी त्या वेळी जो उपाय केला, तो तुमच्या आईंना सांगा. त्यांनी बघितलाही असेल. भिंतीत आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. साधारण दर ६० सेंमी उंचीवर, आणि आडवं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नाही. लिहायला सोपं आहे. करताना पहार हाणली की अख्खा थर पोट काढून पुढे यायचा. म्हणून आधी एका दगडाभोवतीची माती टोकदार सळईने कोरायची, दगड दोन्ही हातांनी हलवून हलवून सैल करायचा, काढायचा, मग त्यामागचा. पलीकडून दुसरा माणूस तसाच आत येत असतो. दोघांचे हात मध्ये भेटले की भोक झालं. एका भोकाला अर्धा-पाऊण तास सहज जायचा आणि घराचा मालक शेजारी उभा राहून घाम पुसायचा. शिवाय माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू द्यायचे, भिंतीच्या माथ्याला सगळ्या भिंतींना एकत्र धरणारा सलग पट्टा बांधायचा. घर तेच, माती तीच.

आता नियम. तेव्हाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे क्षेत्र १ मध्ये होता. २००२ च्या सुधारणेत क्षेत्र १ हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारी-लातूरचा पट्टा क्षेत्र ३ मध्ये गेला. मातीच्या घरांसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे, आयएस १३८२७, आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या कामासाठी आयएस १३८२८. दोन्ही १९९३ चीच. कच्च्या मातीची भिंत असेल तर उंची जाडीच्या ८ पटींपेक्षा जास्त नको, आणि तिला काटकोनात मिळणाऱ्या दोन भिंतींमधली लांबी १० पटींपेक्षा जास्त नको. दार-खिडकी १.२ मीटरहून रुंद नको, आणि कोपऱ्याला चिकटून तर मुळीच नको. तुमचे ठोकळे सिमेंट घालून दाबलेले असतील तर विटेच्या बांधकामाचे नियम बघायचे, ते आयएस ४३२६ मध्ये आहेत.

काहीही करा, जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्याला आणि छपराखाली असे सलग पट्टे टाका. कैच्या वरच्या पट्ट्याला बोल्टने आवळा, नुसत्या ठेवू नका. आणि कौलाखालची तिकोनी भिंत मातीची उंच नेऊ नका, तिथे फळ्या किंवा पत्रा मारा. भूकंपात ती आधी पडते.

---

चाळीतला_चातक

वाचनखूण साठवली आहे. ओव्हरसियर काका, असे प्रतिसाद येत राहू द्या.

---

उंबरठ्याबाहेर

सारवण_प्रेमी, एक विचारू का? सारवायचं कोणी?

माझं सासर उदगीरकडचं. लग्न होऊन गेले तेव्हा दोन खोल्या आणि ओसरी मातीची होती. आठवड्याला सारवण, सणाला भिंतींना पोतेरा. शेण गोळा करायचं, त्यात माती कालवायची, आणि उकिडवं बसून मागे सरकत सरकत ओसरीच्या टोकापर्यंत जायचं. पोटुशी असतानाही चुकलं नाही. सासूबाईंचे गुडघे त्यातच गेले. शहाबादी फरशी बसवली त्या दिवशी आम्ही दोघींनी खोबरं-गूळ वाटला होता. घरातल्या पुरुषांना तो गारवा अजून आठवतो, आम्हाला पाठ आठवते. आणि आता गावात निम्म्या घरी गाय-म्हैस नाही, शेण विकत आणायची वेळ आहे.

मातीच्या भिंतींना माझा विरोध नाही, उलट त्या खोल्या खरंच गार असत. पण देखभालीचं काम कोणाच्या वाट्याला येणार हे नकाशा काढतानाच ठरवा. जमीन शहाबादीची करा. न्हाणीघर आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत यांना मातीचा गिलावा नको. पावसाचे शिंतोडे बसणाऱ्या भिंतींचं जोतं उंच घ्या, म्हणजे दरवर्षी लिंपावं लागणार नाही.

अजून एक. दुरुस्तीच्या त्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या होत्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यात होती, प्रेमा गोपालन यांची. घरं दुरुस्त करायची तर पैसे कसे मिळतात, कामात काय बघायचं, पट्टा पडला की नाही, हे त्या बायका घरोघरी जाऊन सांगायच्या आणि तपासायच्या. माझ्या मावससासूबाई त्यांच्या बैठकांना जायच्या. चौथी शिकलेली बाई गवंड्याला विचारायची, "सळई कुठंय, दाव." हे घर उभं राहील तेव्हा तेरणाकाठ पुण्यात असणार. गवंड्याला सळई दाखवायला लावणारी त्यांची आईच असेल. तेव्हा तिची हरकत खोडून काढू नका, तिला कामावर देखरेखीला बसवा.

---

मी_तोच_तो

+१. "आम्हाला पाठ आठवते." काय बोलणार यावर.

---

सारवण_प्रेमी

बरोबर आहे ताई. मी कधीच सारवलेलं नाही, नुसताच लोळलोय त्यावर.

---

नव्या_गावचा

माझं गाव त्या ५२ पैकी. थोडं आमचंही ऐका, कारण सगळे भिंतींवरच बोलायलेत.

आम्हाला मिळालेलं घर आजवर हाललं नाही, तडा नाही. त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण गाव म्हणून काय झालं ते सांगतो. घरं जमिनीच्या हिशेबात वाटली. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात. जुन्या गावात आमच्या गल्लीत भावकीची सात घरं एका अंगणावर तोंड करून होती. नव्यात एक इकडं, एक तिकडं. म्हाताऱ्या माणसाला सख्ख्या भावाकडं जायचं तर उन्हात दोन रस्ते ओलांडून जावं लागायचं. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, याचा विचार नकाशात नव्हता. दारात बसायला ओटा नाही. बाया धुणं-भांडी कुठं करणार, तर रस्त्यावर. एका गावात तर घुमटासारखी घरं दिली. गोल भिंतीला कपाट टेकत नाही की खाट नीट लागत नाही.

मग लोकांनी काय केलं? पुढं पत्र्याचं शेड ठोकलं, मागं गोठा काढला, दोन घरांमधल्या जागेवर कूड घातला. हळूहळू त्या सरळ रस्त्यांना जुन्या गल्लीचं वळण यायला लागलंय. साहेब लोक त्याला अतिक्रमण म्हणतात.

तेरणाकाठ, तुमच्या गल्लीची भिंतीला भिंत शाबूत आहे. ठोकळा मातीचा का सिमेंटचा याच्याइतकंच ते सांभाळा. पण ओव्हरसियर काकांना विचारून घ्या, शेजारच्याची जुनी भिंत तुमच्या नव्या भिंतीवर पडली तर?

---

निवृत्त_ओव्हरसियर

चांगला प्रश्न. सामाईक भिंतीवर नवं घर टेकवू नका. आपली भिंत आपल्या जागेत स्वतंत्र घ्या, मध्ये थोडी फट सोडा, आणि फटीत पाणी जाणार नाही असं वरून झाका. शक्य झालं तर शेजाऱ्याच्या भिंतीलाही त्याच वेळी आरपार बंध घालून द्या. माणसं, पहार, सळई सगळं हजरच असतं, खर्च फार वाढत नाही. शेजारीही बरा राहतो.

---

भुजवाला_मराठी

नोकरीनिमित्त कच्छमध्ये आहे. इथे २६ जानेवारी २००१ चा भूकंप किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा होता. बन्नी भागातले भुंगे, म्हणजे गोल मातीची घरं, त्यात बऱ्यापैकी टिकली. गोल भिंतीला कोपराच नसतो, त्यामुळे सुटायला जागा नाही. छप्पर हलकं, गवताचं. तिथेच चौकोनी, दगड-मातीची जड घरं कोसळली. तुमच्या मुद्द्याला हा भक्कम पुरावा आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. इथे सरकारने बहुतेक ठिकाणी गावं हलवली नाहीत. पैसे हप्त्याने मालकाच्या हातात दिले, तांत्रिक मदत दिली, आणि लोकांनी आपापलं घर आपल्याच जागेवर बांधलं. लातूरचा अनुभव त्या वेळी सगळ्यांसमोर होता. भुजच्या हुन्नरशाला संस्थेने स्थानिक कारागिरांना घेऊन मातीकामाची नवी पद्धत बसवली. ते कारागीर आता बाहेरच्या राज्यांतही कामाला जातात. गवंडी मिळत नसेल तर तिथून एखादा उस्ताद बोलवून आपल्या गवंड्यांना शिकवून घेता येतं का बघा.

(नाव कच्छी दाबेलीवरून घेणार होतो, घरचे नको म्हणाले.)

---

गवंड्याचं_पोरगं

लातूर जिल्हाच. बाप गवंडी, आजा गवंडी. मी सेंट्रिंगची कामं घेतो.

गवंडी मिळत नाही असं नाही, रेट जमत नाही. सिमेंटचं काम ब्रासवर, फुटावर ठरतं. सकाळी चालू, संध्याकाळी मोजून पैसे. मातीचं काम रोजावर करावं लागतं आणि मालकाला वाटतं गवंडी वेळ काढायलाय. माती आज भिजवली की उद्या लावली असं होत नाही. आजा तीन-चार दिवस आंबवायचा. त्यात तूस नाहीतर बारीक काड, आणि रोज पायानं तुडवायची. झाली का नाही ते कसं ओळखायचं? थापीवर घेऊन थापी उलटी करायची. लगेच पडली तर पाणी जास्त. पडतच नाही, चिकटून बसली, तर चिकण जास्त, वाळून भेगा पडणार. सावकाश सरकून एका गोळ्यानं पडली तर लावायला घ्यायची. हे कुठल्या पुस्तकात नाही.

आताच्या पोरांना हे येत नाही, पण आठ दिवसांत येतं, हात तोच असतो. मालकानं रोज वेळेवर दिला पाहिजे, आणि दर तासाला मोबाईलवर बघून "असं नाही, तसं" करायचं नाही. एवढं पाळा.

आणि घराचं काम हाती घेण्याआधी एक चार फुटी भिंत उभी करा अंगणात. ठोकळा, गिलावा, वरचं टोपण, सगळं घरासारखं. एक पावसाळा खाऊ द्या. काय चुकतंय ते तीच सांगते. घाई असेल तर सिमेंटच करा, मातीला घाई चालत नाही.

---

हिशेबनीस

मी जरा कडू बोलतो. आजकाल मातीची घरं बांधतंय कोण? मुळशीत, कर्जतला एकर-दोन एकर घेतलेली मंडळी. आर्किटेक्टची फी, बाहेरून आणलेले कारागीर, आणि वर्षातले पंधरा दिवस राहणं. गावातल्या गरिबाला मातीच्या घरातून बाहेर पडायचंय, आणि आपण त्याला मातीचं महत्त्व सांगतोय.

घरकुलाचंच घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठीची मूळ रक्कम १ लाख २० हजार. तीही जोतं, भिंत, छप्पर अशा टप्प्यांचे फोटो चढवले की हप्त्याने. तिथे चार दिवस माती आंबवत कोण बसेल? योजनेत पक्कं घर पाहिजे. केंद्र सरकारनेच 'पहल' नावाने, म्हणजे प्रकृती, हुनर, लोकविद्या, राज्याराज्यांतल्या स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने काढलेत. पण तालुक्याच्या टेबलावर ते कोण उघडून बघतं? गृहकर्जाला गेलात तर बँकेचा मूल्यांकन करणारा मातीची भिंत म्हटल्यावर पेन खाली ठेवतो. माझ्या चुलतभावाचं असंच झालं. शेवटी दाखवायला कॉलम टाकले.

आणि पर्यावरणासाठी करताय तर हिशेब पूर्ण करा. जगातल्या कार्बन उत्सर्जनातलं ७-८ टक्के सिमेंट उद्योगाचं, हे खरं. पण तुमच्या दाबलेल्या ठोकळ्यातही ५ टक्के सिमेंट असतंच. पट्टे काँक्रीटचे, कैच्या लोखंडी, कौलं लांबून ट्रकने येणार. योग्य माती नाही म्हणून तीही शंभर किलोमीटरवरून आणली तर बचत डिझेलमध्ये गेली.

---

उंबरठ्याबाहेर

हिशेबनीस, गरिबाला मातीतून बाहेर पडायचंय हे मान्य. पण तो पडतो कुठे? पत्र्यात. मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखाली लहान मूल झोपवून बघा. जाड भिंतीत दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, पत्र्यात सकाळी नऊलाच पोचतं.

---

हिशेबनीस

तो मुद्दा मान्य. पत्र्याची बाजू मी घेत नाही.

---

माती_परीक्षक

कृषी खात्याशी संबंध नाही, नाव गंमत म्हणून. मातीच्या ठोकळ्यांचं प्रशिक्षण पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिलला घेतलंय. तिथल्या अर्थ इन्स्टिट्यूटचं काम जरूर बघा. व्हिजिटर्स सेंटरची आख्खी इमारत याच ठोकळ्यांची आहे.

ठोकळ्याला माती साधारण अशी लागते: खडे १५ टक्के, वाळू ५०, गाळ १५, चिकणमाती २०. आकडा तंतोतंत जुळावा असं नाही, कमी-जास्त असेल ते मिसळून घ्यायचं. वरची हातभर माती, मुळं-पालापाचोळा असलेली, बाजूला काढायची.

घरच्या घरी तपासायचं तर काचेची उभी बाटली घ्या. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवा आणि ठेवून द्या. खडे आणि वाळू मिनिटभरात तळाला बसतात, गाळ अर्ध्याएक तासात, चिकणमातीला दिवस लागतो. थर वेगवेगळे दिसतात, पट्टीने मोजा. दुसरी चाचणी वळीची. ओल्या मातीची करंगळीएवढी जाड वळी करून टेबलाच्या कडेवरून हळूहळू बाहेर सरकवायची. ५ सेंमीच्या आतच तुटली तर वाळू जास्त, १५ सेंमीच्या पुढे लोंबत राहिली तर चिकण जास्त.

काळ्या रानातली माती या कामाला विसरा. भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. पायाही तिच्यावर नको, मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फार खोल असेल तर काळी काढून मुरमाचं भरण करून धुमसा. घराभोवती चारी बाजूंनी फरसबंदी करा, उतार बाहेरच्या दिशेला, म्हणजे पायाजवळची माती एकदा ओली, एकदा कोरडी होत राहणार नाही.

गावठाणातल्या पांढरीबद्दल मात्र सावध राहा. ती शेकडो वर्षांच्या राखेची, शेणाची, उकिरड्याची माती आहे, तिच्यात क्षार भरपूर. म्हणूनच शेतकरी ती शेतात टाकायला नेतात. भिंतीत घातली तर लोणा लागायची, म्हणजे क्षार फुटून भिंत झडायची, शक्यता मोठी. तपासून घ्या, नाहीतर तिचा उपयोग नुसत्या भरावाला करा. तुमच्या वाड्याच्या भिंतीतली माती काढाल तीही चाळून, तपासूनच वापरा. गावाजवळ विहीर किंवा शेततळं खोदत असतील तर तिथून निघालेली लालसर माती बघून ठेवा. बहुतेकदा तीच कामाची निघते, आणि हिशेबनीसांचं डिझेलही वाचतं.

सिमेंट ५ टक्के घातलं तरी ठोकळे चार आठवडे ओले ठेवायलाच लागतात. मातीच आहे म्हणून लोक पाणी मारायला विसरतात आणि नंतर कोपरे झडतात.

---

चिरेबंदी

आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे जांभ्याचा चिरा. पाऊस एवढा की भिंतीपेक्षा पाखं महत्त्वाचं. तुम्हीसुद्धा कौलं दोन-अडीच फूट भिंतीबाहेर काढा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. बाकी आमच्याकडे आता चिरा लपवायला त्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चिऱ्याच्या रंगाचं पेंटिंग करतात. असो.

---

वास्तुपुरुष_झोपलाय

ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर हे कोणी विचारलंच नाही अजून. धागा भरकटला म्हणायचा.

---

निवृत्त_ओव्हरसियर

तुमच्या आयडीला जागा की.

---

चुनाभट्टी

चुन्याचं राहिलं म्हणून लिहितो. जुन्या देवळांच्या दुरुस्तीच्या कामांवर चुना केलाय.

कळीचा चुना हौदात पाण्यात विझवायचा. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, डोळ्याला चष्मा पाहिजेच, लहान मुलं लांब. विझलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग चाळून, एकास तीन वाळू घालून मळायचा. पूर्वी बैलाच्या घाण्यात दळायचे, आता मिक्सर चालतो. गूळ, हिरडा, मेथी काय घालायचं त्यावर प्रत्येक उस्तादाचं वेगळं मत. मी हिरडा-गुळाचं पाणी वापरतो. पण आधी चुना आणि वाळू चांगली असली पाहिजे, गुळाने वाईट चुना सुधारत नाही.

गिलावा पातळ थरात, भिंत ओली करून, उन्हात नाही. दसऱ्यानंतर काम काढा. लावल्यावर आठ-दहा दिवस ओलं पोतं किंवा पाण्याचा फवारा.

आणि कोणी "वरून सिमेंट मारून घ्या, पक्कं होईल" म्हणालं तर ऐकू नका. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर यायला वाट लागते. सिमेंटने ती कोंडते, आतली माती मऊ पडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे तक्तेच्या तक्ते सुटून येतात. मी दुरुस्तीला गेलेल्या निम्म्या भिंती अशाच मेलेल्या असतात.

---

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा प्रिंट काढून बाबांना दिला. आईने उंबरठ्याबाहेर ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचायला लावला, दोनदा.

ठरलं ते असं. पांढरी माती भिंतीत घालत नाही, जोत्याच्या भरावाला वापरतो. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर शेततळ्याचं खोदकाम चाललंय, तिथली लालसर माती बाटलीत घालून ठेवलीय. जमीन शहाबादीची. न्हाणीघर आणि ओट्यामागची भिंत पक्क्या विटेची. पट्टे तिन्ही. शेजारच्या काकांच्या भिंतीला बंध घालायचं बोलणं झालंय, सळईचे पैसे ते देतो म्हणाले. घरकर्ज काढत नाही. बांधकाम दोन टप्प्यांत, आधी आई-बाबांपुरतं. आणि गवंड्याच्या पोरानं सांगितलेली चार फुटी भिंत आधी, या पावसाळ्यात.

आईचं मत बदललंय असं म्हणणार नाही. "सळई मी बघणार, आणि छप्पर जड नको," एवढी तिची अट आहे.

दोन शंका राहिल्यात. वायरिंग मातीच्या भिंतीत कसं करायचं? आणि वाळवीचं काय?

---

निवृत्त_ओव्हरसियर

वायरिंग भिंत कोरून आत घालू नका. झिरी पाडल्या की भिंत तिथेच कमजोर होते. पाइप बाहेरून, सरळ रेषेत, क्लॅम्पवर. किंवा ठोकळे रचतानाच उभा पाइप सांध्यात सोडून घ्या. स्विचच्या पेटीसाठी अर्धा ठोकळा मोकळा ठेवा. नळाचा पाइप मात्र मातीच्या भिंतीत कधीच नाही. गळला तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

वाळवी जमिनीतून चढते, म्हणून जोत्याचा पट्टा सलग हवा, मध्ये कुठेही तुटलेला नको. चौकटी जमिनीला टेकवू नका, दगडी उंबऱ्यावर बसवा. भिंतीला लागून सरपण रचायची सवय असेल तर ती मोडा.

---

गवंड्याचं_पोरगं

भिंत उभी केली की फोटो टाका. वरचं टोपण दोन्ही अंगाला चार बोटं बाहेर काढा, लोक तेवढंच विसरतात.